ब्राइसहून टॉरीला जाताना ऊन पाठीशी ठेवा
'ब्राइस कॅनियन बघितलं की सरळ फ्रीवे पकडा, अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या 12 नंबरच्या रस्त्यावर वेळ फुकट जातो' हे या चर्चेत वर आलेलं मत मला अजिबात पटलं नाही. ब्राइसपासून टॉरी गावापर्यंतचे ते सुमारे 180 किलोमीटर हीच माझ्या मते त्या दिवसाची खरी कमाई! एस्कलांटे आणि बोल्डर या गावांच्या मधे 'हॉगबॅक' नावाचा पट्टा लागतो. तिथे रस्ता अरुंद धारेवरून जातो, दोन्ही बाजूंना खोल उतार आणि कडेला कठडाही नाही. गाडी चालवणाऱ्याने तिथे फक्त रस्त्याकडे बघावं. दृश्य बघायला थांब्यावर उतरावं.

एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही, ती म्हणजे उन्हाची दिशा. ब्राइसचे सुळके पूर्वेकडे तोंड करून आहेत, म्हणून ते सकाळीच पेटल्यासारखे दिसतात. उलट टॉरीच्या अलीकडच्या बोल्डर माउंटनवरच्या थांब्यांवरून आपण पूर्वेकडे, वॉटरपॉकेट फोल्ड (खडकाची लांबलचक घडी) आणि हेन्री पर्वतांकडे बघतो, तिथे दुपार कलल्यावर ऊन पाठीशी येतं. त्यामुळे आम्ही सकाळ ब्राइसला घालवून चारच्या सुमारास घाटमाथ्यावर पोचलो, आणि समोरचा लाल खडक पार क्षितिजापर्यंत स्पष्ट दिसत होता. माथा साधारण 2,900 मीटरवर आहे, खाली उकडत असलं तरी वर स्वेटर लागतो. फक्त अंधाराआधी खाली उतरा, कारण संध्याकाळी हरणं आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात.