जुलैत आईला घेऊन लोटलीच्या जुन्या घरात राहावं का?

मुक्ता_कोथरूड:
आईला गोव्याला नेतेय. समुद्र नको, गर्दी नको, मंगेशी आणि शांतादुर्गा मात्र हवीच, असं तिचं फर्मान. साष्टीत लोटली गावात दुरुस्त केलेला एक 'पोर्तुगीज व्हिला' सापडलाय. फोटो देखणे आहेत, शिंपल्यांच्या खिडक्या, चार खांबांचा पलंग वगैरे. पण आईचे गुडघे दुखतात, ती मासे खात नाही, आणि भर पावसात अशा घरात ओल किती असते? गोवा एक्स्प्रेसने मडगावला उतरू.

अवि_ठाणे:
आम्ही हळदोण्यात अशाच घरात राहिलो होतो, पण डिसेंबरात. झकास. जुलैचं माहीत नाही. मोबाईलला रेंज फक्त अंगणात यायची, बायको खूश होती.

दिगू_मडगाव:
ताई, माझा धंदाच जुन्या घरांची कौलं उतरवून परत चढवायचा, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी एक. 'पोर्तुगीज व्हिला' हे जाहिरातीतलं नाव. ही घरं बहुतेक इथल्याच ख्रिस्ती भाटकारांनी, म्हणजे जमीनदारांनी बांधली, इथल्याच गवंड्यांकडून, जांभ्या दगडात.

ओलीचं म्हणाल तर मालकाला एकच विचारा: भिंतींना गिलावा चुन्याचा की सिमेंटचा? जांभा पाणी पितो. चुन्यातून ते हळूहळू बाहेर पडतं. वरून सिमेंट थापलं की आतच कोंडतं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. फोटोत हे कधीच दिसत नाही, कारण फोटो उन्हाळ्यात रंग दिल्यावर काढतात. चुना असला तरी जुलैत चादरी दमट लागणारच. शिंपल्यांच्या खिडक्या मिटल्या की दुपारीही दिवा लावावा लागतो. पूर्वी काच महाग, आणि शिंपल्यातून ऊन मऊ होऊन येतं, म्हणून त्या बसवल्या. पावसाळ्यात त्यांचा काळोखच होतो.

गुडघ्यांसाठी तळमजल्याचीच खोली मागा. तरी जोतं उंच असतं, बाल्कांवाच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या पायऱ्या चढाव्याच लागतील. न्हाणीघर बहुधा मागाहून जोडलेलं, तिथे एखादी पायरी खाली असते. रात्री तीच घात करते. पलंगही उंच, चौरंग मागून ठेवा.

मुक्ता_कोथरूड:
बापरे, न्हाणीची पायरी तर डोक्यातच आली नव्हती. आणि मंगेशी तिथून लांब नाही ना? जेवणाचं काय?

दिगू_मडगाव:
बोरीच्या पुलावरून जुवारी नदी ओलांडली की फोंडा तालुका, दोन्ही देवळं तिथेच. आईंना वाटेत सांगा, मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, दोन्ही गावं नदीच्या अलीकडची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं मोडू लागले तेव्हा भक्तांनी देव पलीकडे नेले, कारण फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता. तुम्ही त्याच दिशेने जाणार, फक्त टॅक्सीने. ती आदल्या रात्रीच ठरवा. पावसात ऐनवेळी लोटलीत टॅक्सी मिळणं कठीण.

जेवणाचं आधी कळवा. नुसतं 'व्हेज' म्हणालात तर तीन दिवस पनीर येईल. अळसांद्यांचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची खोबऱ्याच्या वाटणातली उसळ) आणि खतखतं (मिश्र भाज्यांचं कालवण) मागा. पाव सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, दारात आणून देतो, भोंगा ऐकू आला की उठायचं.

मुक्ता_कोथरूड:
फोन केला. मालक म्हणाले, मागची बाजू सिमेंटची, पुढच्या खोल्या चुन्याच्या. पुढची घेतली. चौरंगाचं ऐकून हसले, पण देतो म्हणाले.