घटक चाचणीतली कॉपी

कॉपी रोखायला सीसीटीव्ही आणि भरारी पथकं बोर्डाच्या परीक्षेला ठीक आहेत हो. पण इथे प्रश्न वर्गातल्या वीस मार्कांच्या घटक चाचणीचा आहे. एक बाई, साठ मुलं, एका बाकावर दोघं. अशा वेळी सगळ्यात जास्त उपयोग प्रश्नपत्रिकेचाच होतो.

मी गणित शिकवते. अ आणि ब असे दोन संच काढते, पण प्रश्नांचा क्रम नुसता उलटसुलट करत नाही. मुलं तेवढं लगेच ओळखतात. आकडे बदलते, तेही दिसायला जवळचे. ‘अ’मध्ये ४५०० रुपयांचं द.सा.द.शे. ८ दराने ३ वर्षांचं सरळव्याज, उत्तर १०८०. ‘ब’मध्ये ५४००, उत्तर १२९६. ‘अ’वाल्याने मुद्दल ४५०० लिहून खाली १२९६ काढले, की शेजारच्या वहीत डोकावलं हे तपासतानाच कळतं. पायऱ्यांना मार्क असले की नुसतं उत्तर ढापून फारसं काही मिळतही नाही.

पर्यवेक्षण मागून करावं. बाई समोर खुर्चीत असल्या की त्यांची नजर कुठे आहे ते मुलांना दिसतं. मागे उभ्या राहिल्या की वळून बघणाराच उघडा पडतो. बाकावर पेन्सिलीने सूत्रं लिहिलेली असतात, म्हणून पेपर वाटायच्या आधी मुलांच्या जागा बदलते. कंपासपेटीचं झाकणही बघून घ्यावं, आतल्या पाढ्यांच्या कागदामागे बरंच काही मावतं!

आणि शंका आलीच तर वर्गासमोर वाभाडे नकोत. नंतर बोलावून ‘ही पायरी कशी आली रे?’ एवढंच विचारते.