पुण्यात १२ हजारात वन बीएचके भेटेल का?

जळगावचा_पोरगा: भो, हिंजवडीत जॉब लागलाय, एक तारखेला जॉइनिंग. आम्ही दोघं मित्र, बजेट १२ हजार मेंटेनन्स धरून. एजंट महिन्याचं भाडं ब्रोकरेज मागतोय, वरून म्हणे सोसायटीत बॅचलर चालत नाही. काय करू?

भुसावळची_ताई: वाकडच्या मोठ्या सोसायट्या सोड बाबा. मारुंजी, पुनावळे, ताथवडे बघ, संध्याकाळी चक्कर मार आणि सरळ वॉचमनलाच विचार, कोणता फ्लॅट रिकामा होतोय ते त्याला एजंटच्या आधी माहीत असतं. आणि टँकरचे पैसे कोण भरतं ते आधीच विचार हं

धुळेकर: ११ महिन्यांचं असलं तरी लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट, रजिस्टर करावंच लागतं, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती मालकाची जबाबदारी आहे. नोटरीवर भागवू म्हटला तर नाही म्हण. ऑनलाइन होतं, अंगठे घ्यायला माणूस घरी येतो.

जळगावचा_पोरगा: पुनावळेत एक बघितला, खाली पिठाची गिरणी आहे, घरघर ऐकू येते पण भाडं बसतंय. मालक आपल्या अमळनेरचा निघाला भो!!

भुसावळची_ताई: अमळनेरचा असू दे नाहीतर घरचा, डिपॉझिट खात्यावरच टाक