गिटार आणि हार्प, दोनच वाद्यं, गाणं नाही : काय ऐकावं, कसं बसवावं?

झंकार
नमस्कार मंडळी. मी स्टील तारांची अकूस्टिक गिटार वाजवतो, बहुतेक बोटांनी, कधीकधी पिकनं. दोन महिन्यांपासून एका मैत्रिणीसोबत बसतोय. तिच्याकडे ३४ तारांची लिव्हर हार्प (उभ्या चौकटीतलं, बोटांनी छेडायचं तारवाद्य) आहे. वेगवेगळं वाजवलं की दोघांचंही छान वाटतं, एकत्र आलं की सगळं गढूळ होतं. काल एका चालीच्या दुसऱ्याच ओळीत तिनं खालचा डी छेडला. मी सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार डीपर्यंत उतरवून ठेवली होती, मीही तोच सूर घेतला. तो पुढच्या चार मात्रा घुमत राहिला आणि चाल त्यात बुडूनच गेली.

ही जोडी चांगली वाजवणारं कुणी आहे का, ज्यांना ऐकून शिकता येईल? पट्टी कोणती धरावी? आणि हार्पसमोर नायलॉनच्या तारांची गिटार घ्यायला हवी का?

खर्जप्रेमी
गढूळ का होतं याचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. गिटारवर दाबलेलं बोट उचललं की सूर थांबतो. हार्पची तार वाजली की वाजतच राहते. पियानोसारखा आपोआप आस (छेडल्यानंतर घुमत राहणारा सूर) तोडणारा डँपर तिला नाही, वादकानं तळहात टेकवला तरच ती बंद होते. त्यामुळे खालच्या तारांची आस पुढच्या कॉर्डमध्येही शिरते, आणि तुम्ही नेमकं तिथंच आणखी वजन टाकताय.

खर्ज एका वेळी एकाकडेच ठेवा. पहिल्या आवर्तनात तो हार्पकडे असेल तर पाचवी-सहावी तार तुमच्या गिटारला नाहीच असं समजा. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) चौथ्या किंवा पाचव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या खाचेत) लावा आणि वरच्या चार तारांवर खेळा. पुढच्या आवर्तनात खर्ज तुम्ही घ्या, तेव्हा तिनं डावा हात तारांवरून काढून घ्यायचा. पूर्ण काढायचा, 'हळू वाजवते' असं नाही.

आम्ही हीच चूक वर्षभर केली. गिटारच्या सहा तारा आणि हार्पवर चालणारी आठ बोटं (हार्पवर करंगळी वापरत नाहीत), म्हणजे एका ठोक्यावर चौदा सूर. दोघं तीन-तीन सुरांवर आलो त्या दिवशी आमचीच चाल आम्हाला पहिल्यांदा नीट ऐकू आली.

आणखी एक. दोन्ही छेडायची वाद्यं आहेत. व्हायोलिनचा गज सुरात हळूच शिरू शकतो, छेडलेल्या तारेला ती सोय नाही. त्यामुळे दोघांनी तीच चाल बरोबर वाजवली तर केसभर मागंपुढं झालेलंही उघडं पडतं. एकत्र येणं फक्त समेवर ठेवा, बाकी वेळ एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं जागा द्यायची.

अनाहत
खर्जप्रेमींशी पूर्ण सहमत. मी स्वतः हार्प वाजवते, म्हणून त्या बाजूनं लिहिते.

आमच्याकडे सप्तकाला सातच तारा असतात. लाल तार सीची, काळी किंवा निळी एफची. मधला सूर हवा असेल तर तारेच्या वरच्या टोकाची लिव्हर उचलायची, तार अर्धा सूर चढते. पण हे काम डावा हात करतो आणि तेवढा वेळ तो वाजवू शकत नाही. म्हणून चालीत एखादा बाहेरचा सूर डोकावत असेल तर तो तुम्ही घ्या, तुम्हाला तो शेजारच्याच फ्रेटवर आहे. मोठ्या पेडल हार्पवर हेच काम पाय करतात : ४७ तारा, ७ पेडल, प्रत्येक पेडलच्या तीन जागा. सेबास्तियाँ एरार यांनी या रचनेचं पेटंट १८१० मध्ये घेतलं. तरीही भराभर बदलणारे अर्धे सूर तिथंही जडच जातात.

पट्टीबद्दल : तिची हार्प मोकळ्या तारांवर ई फ्लॅट मेजरमध्ये लावलेली असेल तर लिव्हरनं बी फ्लॅट, एफ, सी, जी, डी, ए आणि ई मेजर मिळतात. त्यातल्या जी, डी, ए तुमच्याही हाताच्या, तिथून सुरुवात करा. ई फ्लॅटमध्येच वाजवायचं झालं तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून बोटं डी पट्टीत ठेवता तशीच ठेवा. कॅपो लावल्यावर गिटार परत तपासा, तारा किंचित चढतात. आणि गिटारनंच हार्पला जुळवून घ्यायचं. तुमच्या सहा तारा, तिच्या चौतीस!

बसायची जागाही बघा. हार्प उजव्या खांद्यावर टेकते, म्हणून उजवीकडचा माणूस आम्हाला तारांमधूनच दिसतो. तुम्ही तिच्या डाव्या बाजूला बसा. गिटारची मान पलीकडे जाते आणि तुमचा उजवा हात तिच्या नजरेत राहतो. मी साथीदाराच्या अंगठ्याकडे बघूनच सुरुवात करते, मानेनं खूण करावी लागत नाही.

वादी_संवादी
ऐकण्यासाठी माझी पहिली शिफारस मोयरा नी हाहासिग (आयरिश हार्प) आणि क्रिस न्यूमन (गिटार). ही जोडी १९८७ पासून एकत्र वाजवते. 'द लिव्हिंग वुड' या १९८८ च्या अल्बमपासून सुरू करा. न्यूमन स्टील तारा आणि पिक वापरतात आणि हार्प कुठंही दबत नाही. तुमच्या नायलॉनच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच मिळेल : तार बदलू नका, हात बदला.

मग पराग्वे. तिथं हार्प आणि गिटार ही लोकसंगीतातली नेहमीची जोडी आहे. हार्प हलकी, नखांनी वाजवलेली, आवाज लख्ख. फेलिक्स पेरेस कार्दोसो (१९०८-१९५२) यांच्या रचना शोधा. सहा मात्रांत चाल दोन ठोक्यांची आणि खर्ज तीन ठोक्यांचा चालतो. गिटार फक्त लय धरते, पण ती काढली तर सगळं कोसळेल.

बसवायला सोपं म्हणून टरलॉक ओ'कॅरोलन (१६७०-१७३८). हा आंधळा आयरिश हार्पवादक. त्याच्या बहुतेक चाली एकेरी सुरावटीच्या रूपातच आपल्यापर्यंत आल्यात, त्यामुळे कॉर्ड आणि वाटणी तुमची तुम्हाला ठरवता येते.

आणि स्पॅनिश संगीतकार रोद्रिगो यांचा 'अरान्हुएझ' ऐकलाच असेल. १९३९ चा हा गिटारचा कॉन्चेर्तो (एक मुख्य वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) त्यांनी स्वतःच १९७४ मध्ये हार्पवादक निकानोर साबालेता यांच्यासाठी हार्पवर आणला. दोन्ही रूपांमधला मधला संथ भाग लागोपाठ ऐका. एकच वाक्य दोन वाद्यं कसं उच्चारतात ते कळेल.

झंकार
सगळ्यांचे मनापासून आभार, आणि अनाहत ताईंचे विशेष. काल जागा बदलून बसलो. ओ'कॅरोलनची एक चाल जीमध्ये घेतली, कॅपो पाचव्या फ्रेटवर, खालच्या दोन तारांना हातच लावला नाही. चौथ्या खेपेला तिच्या डाव्या हाताचा प्रत्येक सूर मला वेगळा ऐकू आला. वाजवता वाजवता आम्ही दोघं एकदमच हसलो.

एकच अडतंय. शेवटच्या कॉर्डवर आम्ही दोघं हात वर धरून बसतो. आवाज आधी कुणी बंद करायचा?

अनाहत
तुम्ही. तारांवर अलगद तळवा ठेवा आणि हार्पची आस आपोआप विरू द्या. ती पूर्ण थांबेपर्यंत हलू नका.