मदत हवी आहे: १५ एमव्हीचं जुनं लिनॅक काढायचंय, पर्चेसवाले भंगारात द्यायला निघालेत

नमस्कार मंडळी, आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात ६ आणि १५ एमव्हीचं (मेगाव्होल्ट, बीमची ताकद) जुनं लिनॅक (कॅन्सरला रेडिएशन देणारं मशीन) आहे, त्याच बंकरमध्ये (जाड भिंतींच्या खोलीत) आता नवीन बसवायचंय आणि घाई एवढी की पर्चेसवाल्यांनी भंगारवाल्याचं कोटेशनसुद्धा आणून ठेवलंय. म्हणे यात कोबाल्टसारखा सोर्स नाही, मेन स्विच पाडला की रेडिएशन संपलं, उरलं काय तर लोखंड, तांबं, शिसं. मी आरएसओ (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) म्हणून अडवलं तर मीच व्हिलन. नुसतं ६ एमव्ही असतं तर मीही एवढं ताणलं नसतं पण १५ ला न्यूट्रॉन तयार होतात आणि हेडमधले (बीम निघतो त्या भागातले) पार्ट स्वतःच रेडिओॲक्टिव्ह होतात, हे शिकलोय, पण उघडलेलं मशीन कधी हाताळलेलं नाही. शेवटच्या बीमनंतर किती थांबायचं? मोजायचं कुठे कुठे? कुणी केलंय का हे?

जुना फिजिसिस्ट: अजिबात सोडू नका. त्यांना मायापुरीचं (दिल्लीतला भंगारबाजार) सांगा, २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठातलं पडून राहिलेलं गॅमा युनिट लिलावात भंगारात गेलं, कोबाल्ट-६० उघडा पडला, एक जण दगावला. तुमचा मामला तेवढा भयंकर नाही, लिनॅकमध्ये उरतं ते फार कमी, पण भंगारात गेलं की वितळून कुठे जाईल सांगता येत नाही.

हेडमध्ये तयार होणाऱ्या टंग्स्टन-१८७ चं हाफ लाइफ (रेडिओॲक्टिव्हिटी निम्मी व्हायला लागणारा वेळ) साधारण २४ तास, म्हणून १५ एमव्ही बंद करून दोनेक आठवडे जाऊ द्या, बरंचसं आपोआप उतरतं. मँगनीज-५४ (३१२ दिवस) आणि कोबाल्ट-६० (५.२७ वर्षं) मात्र चिवट. टार्गेट, फ्लॅटनिंग फिल्टर, प्रायमरी कोलिमेटर, जॉज हे बीमच्या वाटेतले पार्ट सुटे करून बंकरबाहेर, बॅकग्राउंड (आसपासचं नेहमीचं रेडिएशन) कमी असेल तिथे, एकेक पार्ट अगदी जवळून मोजा. बॅकग्राउंडच्या वर दिसला तो लेबल लावून कुलपात, बाहेर सोडायचा नाही. कपाटं, काउच वगैरे सहसा क्लीन निघतात, तरी मोजून लिहून ठेवा. वेव्हगाइडमध्ये (मायक्रोवेव्ह नेणाऱ्या नळीत) एसएफ६ (सल्फर हेक्साफ्लोराइड) वायू असेल तर हवेत सोडू नका, सर्व्हिसवाल्यांकडून काढून घ्या. आणि एक बोल्ट ढिला करायच्या आधी ई-लोरा या ऑनलाइन पोर्टलवरून एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) डिकमिशनिंगची, म्हणजे मशीन कायमचं बंद करून काढायची, परवानगी घ्या.

पुणेकर बायोमेडिकल: नवीन मशीनच्या ऑर्डरमध्येच जुनं काढून न्यायची अट टाका ना, अर्धी डोकेदुखी कंपनीकडे जाते.

धागाकर्ता: दादा, ऑर्डर तर कधीच सुटलीये 😐 आता अमेंडमेंट करून घेता येईल का? आणि सर, मोजायला सर्व्हे मीटर पुरेल की कंटॅमिनेशन मॉनिटर मागवू?

जुना फिजिसिस्ट: मॉनिटर मागवाच, एवढ्या कमी लेव्हलला आयन चेंबरवाला सर्व्हे मीटर काही दाखवणार नाही.