मदत हवी आहे: हॅस्केलमध्ये तेच नाव पुन्हा वापरलं की प्रोग्रॅम अडकतो

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं ओकॅमल लिहून आता हॅस्केलकडे वळलोय (दोन्ही फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या भाषा). बिलाचं साधं फंक्शन आहे: १००० रुपयांवर १० टक्के सूट, मग १८ टक्के जीएसटी, उत्तर १०६२. ओकॅमलमध्ये 'लेट रक्कम = रक्कम - सूट' असं ('लेट' म्हणजे किमतीला नाव देणं) बिनधास्त लिहायचो, उजवीकडची रक्कम जुनीच असायची. हॅस्केलमध्ये तेच लिहिलं आणि प्रोग्रॅम अडकला. एकदा तर नुसता 'लूप' छापून मेला. अर्धा दिवस मी सूट काढणाऱ्या फंक्शनलाच दोष देत बसलो!

आता कळलं की हॅस्केलचा लेट मुळातच रिकर्सिव्ह (स्वतःचाच आधार घेऊ शकणारा) असतो, म्हणजे उजवीकडची रक्कम ही नवीच, आणि ती स्वतःलाच शोधत फिरत राहते. ओकॅमलमध्ये त्यासाठी मुद्दाम 'लेट रेक' लिहावं लागतं.

मग रक्कम१, रक्कम२, रक्कम३ केलं. चालतं, पण वाचवत नाही. काल रक्कम३ च्या जागी रक्कम२ पडली, टाइप (किमतीचा प्रकार) एकच, त्यामुळे चुका पकडणारा कंपायलर गप्प. फंक्शन कंपोझिशन (एका फंक्शनचं उत्तर थेट पुढच्याला देणं) करून पाहिलं, पण सूट किती दिली तो आकडा बिलावर वेगळा छापायचाय, तो मध्येच हरवतो. सगळं 'व्हेअर'मध्ये (फंक्शनच्या खाली व्याख्या लिहायच्या भागात) ढकललं, तर आतल्या लॅम्डाचं म्हणजे बिननावाच्या फंक्शनचं आर्ग्युमेंट (प्रत्येक वस्तूचा दर) तिथे दिसत नाही.

तुम्ही अशा वेळी काय करता? प्रत्येक टप्प्याला वेगळा टाइप देता का? एवढ्याशा बिलासाठी स्टेट मोनॅड (बदलती किंमत टप्प्याटप्प्याने पुढे नेणारी रचना) म्हणजे मला तरी अती वाटतं.