मदत हवी आहे: युरोपातला मासेमारीचा कोटा आणि शास्त्रज्ञांचा सल्ला, तुलना कशी करू?
मंडळी, युरोपियन युनियनने 2013 मध्ये ठरवलं होतं की 2020 पर्यंत सगळ्या माशांच्या साठ्यांवरची मासेमारी टिकाऊ पातळीवर आणायची, तर आयसीईएसचा (समुद्र संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद, हेच ते शास्त्रज्ञ) सल्ला आणि मंत्र्यांनी ठरवलेला कोटा यात किती फरक राहिला ते प्रोजेक्टसाठी बघतेय. दोन्हीकडचे आकडे उतरवून घेतलेत पण हद्दीच जुळत नाहीत, आयर्लंडभोवतीच्या नॉर्वे लॉब्स्टरचा (एक छोटा शेवंडासारखा प्राणी) सल्ला एकेका समुद्रपट्ट्याचा वेगळा आणि कोटा मात्र अख्ख्या एरिया 7 या मोठ्या सागरी विभागाला एकच (त्यातल्या पोर्क्युपाइन बँक या आयर्लंडच्या पश्चिमेच्या पट्ट्याला तेवढी वेगळी मर्यादा). नुसती बेरीज केली तर कुठल्या पट्ट्यात जास्त उपसा होतोय तेच झाकलं जातं, आणि खरा धोका तिथेच आहे. ब्रेक्झिटचा गुंता नको म्हणून 2015 ते 2020 एवढंच घेतलंय, पेड डेटा परवडणार नाही. मग कोटा पट्ट्यांमध्ये वाटायचा कशाच्या प्रमाणात, आधीच्या लँडिंगच्या (बंदरावर उतरवलेल्या मालाच्या) की साठ्याच्या अंदाजाच्या?